सेकंदाला एक थेंब

कानकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बोकडाचे दोन्ही कान दोन हातांत धरून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, हा माणूस उभ्या उभ्या झोपलाय. माझी नोकरीची पहिली सकाळ. अंगात कोरा पांढरा कोट, गळ्यात नवा स्टेथोस्कोप आणि डोक्यात परीक्षेत मिळालेले मार्क. मी घसा खाकरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"डावा गरम आहे, उजवा कोमट," ते म्हणाले. "म्हणजे हा उन्हात एका कुशीवर झोपला होता. बाकी काही झालेलं नाही याला. घेऊन जा."

बोकडाची मालकीण निमूटपणे बोकड घेऊन गेली. जाताना माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आणि डॉक्टर मी होते!

तो जनावरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची पडवी आणि पडवीत टांगलेला एक काटा. पिशवीत करडू घालून काट्याला अडकवलं की वजन कळायचं. मोठ्या शेळ्यांचं वजन काका मिठी मारून सांगायचे आणि ते किलोभरानेही चुकायचं नाही. काका तिथले मदतनीस. मूळचे रंगारी. सत्तावीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या भिंती रंगवायला आले होते. त्या दिवशी तेव्हाच्या मदतनिसाने दांडी मारलेली. एक गाय अत्यवस्थ आली, तेव्हाच्या डॉक्टरांनी वर पाहून शिडीवरच्या या उंच माणसाला हाक मारली, "जरा ही सलाईनची बाटली धरता का?" काका शिडीवरून उतरले, बाटली धरली, आणि ती काही पुन्हा खाली ठेवली नाही. मागच्या खोलीतली भिंत अजून अर्धीच रंगवलेली आहे. मी विचारलं की म्हणायचे, "पुढच्या महिन्यात हात मारतो."

सलाईन लावायचा लोखंडी स्टँड दवाखान्यात होता, पण त्यावर आमचे ओले कोट वाळत. काकांचा स्टँडवर राग होता. "शेळी थरथरली तर स्टँडला कळतं का?" ते विचारत. बाटली ते हातातच धरत. उंच हात, दोन बोटं नळीवरच्या चाकावर, नजर थेंबांवर.

आणि कान. येईल त्या जनावराचा आधी कान धरायचा, मग मालकाला 'या, बसा' म्हणायचं. त्यामुळेच त्यांचं नाव कानकाका पडलं आणि त्यामुळेच वस्तीतली पोरं त्यांना बघून दोन्ही कानांवर हात ठेवून पळत. मला ते समजावून सांगत, "बाई, घरात पाणी कमी आलं की आपण आधी अंगणातला नळ बंद करतो. स्वयंपाकघरातला शेवटी. अंगाचंही तसंच आहे. कान म्हणजे अंगणातला नळ." मी हेच पुस्तकात दीड पानात वाचलं होतं आणि मला ते तोवर कळलेलं नव्हतं.

आमची गट्टी मात्र लगेच जमली नाही. मला राग फार पटकन येतो. जातोही पटकन, पण मधल्या वेळात मी जे बोलते ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं. पहिल्याच आठवड्यात बेकरीवाला त्याची शेळी घेऊन आला. डावी कूस फुगलेली, दात खात होती, पाय लटपटत होते, श्वास भात्यासारखा.

"काय खाल्लं?" काकांनी विचारलं.

"काही नाही हो. दोन पाव. शिळे."

काका त्याच्याकडे नुसते बघत राहिले. हे बघणं पुढे मी शेकडो वेळा पाहिलं. त्यात राग नसायचा, घाई नसायची. पावसात भिजलेला माणूस आडोशाला जसा निवांत थांबतो तसे ते समोरच्याचं खोटं संपायची वाट बघत.

"आणि थोडं पीठ," बेकरीवाला म्हणाला. "मळलेलं."

"थोडं म्हणजे वाटीभर की परातभर?"

"परात."

"एक?"

बेकरीवाल्याने बोटं वर केली. तीन.

"लिहा बाई, तीन पराती," काका मला म्हणाले. "मालक सांगेल त्याच्या तिप्पट धरायचं. खोटं कुणी मुद्दाम बोलत नाही. आपल्या हातून आपल्याच जनावराचं वाईट झालं हे सांगायला जीभ वळत नाही, एवढंच."

एवढं पीठ शेळीच्या पोटात गेलं की ते आंबतं. आंबट पोटात मावेनासं झालं की रक्तात उतरतं, आणि रक्ताचं मोठं नाजूक असतं. आंबट आणि खारट यांचा त्यात एक तोल असतो. तो जरा एका बाजूला कलंडला की धडधाकट जनावर आडवं होतं. उपाय म्हणजे शिरेतून पाणी द्यायचं आणि त्यातून सोडा. किती सोडा द्यायचा याचं गणित असतं, आणि गणितात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी वहीवर झरझर आकडे मांडले, समोर दिसली ती सलाईनची बाटली उचलली, सोड्याचं इंजेक्शन भरलं आणि बाटलीत रिकामं केलं. पाण्यासारखी स्वच्छ बाटली माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली.

"वा," काका म्हणाले. "दही लागलं."

मी उचललेली बाटली रिंगर लॅक्टेटची होती. त्यात कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियमचं नि सोड्याचं पटत नाही. दोघं एकत्र आले की चुन्यासारखा साका धरतो. तो शिरेत गेला तर शेळी सोडा कमी पडून नाही, सोड्यानेच गेली असती. याच विषयावर परीक्षेत मी सविस्तर उत्तर लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पुराणातली वांगी पुराणात! माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या आणि मी काकांवरच ओरडले, "मग आधी बोलायचं ना!"

काकांनी शांतपणे स्वेटरच्या आत हात घातला आणि पोटाशी धरलेली दुसरी बाटली काढली. साध्या मिठाच्या पाण्याची, कॅल्शियम नसलेली. शेळी फाटकातून आत येताना दिसली तेव्हाच त्यांनी ती पोटाशी घेतली होती. गार बाटली शिरेत सोडली की जनावर आतून गारठतं, म्हणून हा माणूस भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायचा. मला वाटत होतं, यांना थंडी फार वाजते.

बेकरीवाल्याची शेळी दुपारपर्यंत उभी राहिली. मी दिवसभर काकांशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "काका, मला कान शिकवा." ते इतके खूश झाले की त्यांनी फाटकात उभ्या असलेल्या चारही शेळ्यांचे कान माझ्या हातात दिले. मी डोळे मिटून धरत असे, महिनोन् महिने. मला दर वेळी एकच गोष्ट कळायची: हा कान आहे.

काकांचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. दारासमोर गोठा, वर गच्ची, आत शिवणयंत्रावर काकू. त्या शाळेचे गणवेश शिवत आणि शिवता शिवता दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी खायला लावत. माझ्या कोटाची बटणं घट्ट होऊ लागली ती त्यांच्यामुळेच. काकूंना दोन मुली. दोघी नोकरीला लांबच्या शहरांत. रविवारी फोन येई. बाकीचे सहा दिवस, काकू म्हणत, "घरात भांडायलासुद्धा हेच एक उरलेत, आणि यांच्याशी भांडण म्हणजे उशीला बुक्क्या मारणं." शेजारी निवृत्त चित्रकलेचे मास्तर राहत, एकटेच. त्यांचा चहा, पेपर आणि मतं, तिन्ही गोष्टी काकूंकडेच व्हायच्या. मीही नोकरीसाठी एकटीच राहत होते, तेव्हा संध्याकाळी दवाखाना बंद केला की पाय आपोआप त्या गल्लीत वळत.

मग काकांच्या शेळीला तीन करडं झाली. शेळीला सडं दोन, तोंडं तीन. पहिल्या दोघांनी जागा पकडल्या, तिसऱ्याला आईनेही ढुशी मारून बाजूला केलं. ते दोन किलोचंही नव्हतं. काकूंनी ते उचललं, पदराने पुसलं आणि "हे माझं" म्हणून जाहीर केलं. नाव ठेवायला कुणाला सुचलं नाही, सगळे त्याला 'तिसरं' म्हणत.

तिसरं बाटलीवर वाढू लागलं. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला: सहा, अकरा, चार, नऊ. दिवसाच्या चार बाटल्या, बाटलीवर नेलपॉलिशने मारलेल्या रेघेपर्यंत. इतरांनी बाटलीला हात लावायचा नाही. हा नियम त्यांनी आम्हाला तिघांना समोर उभं करून सांगितला, आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

खरं सांगायचं तर तिसरं फार लबाड होतं. पोट भरलेलं असलं तरी मांडीवर चढायचं, कोटाचं बटण तोंडात घेऊन चोखायचं आणि मान वर करून असं काही बघायचं की बघणाऱ्याला आपण आजवर कुणाचंच भलं केलं नाही असं वाटावं. आठवडाभरात काकूंची एक नवी तक्रार सुरू झाली. भांड्यातलं दूध कमी होतंय. "ते कुंपणावरचं मांजर माजलंय," त्या म्हणायच्या. आम्ही सगळेच म्हणायचो, "हो, मांजरच." मी तर सर्वांत मोठ्याने.

अकराव्या दिवशी सकाळी काका दवाखान्यात उशिरा आले. असं कधी झालं नव्हतं. स्वेटरच्या आत काहीतरी होतं, पण ती बाटली नव्हती. त्यांनी मागच्या खोलीतल्या टेबलावर तिसऱ्याला ठेवलं आणि ते ठेवलं तसंच पडून राहिलं. मान एकीकडे, पाय चारीकडे, ओल्या टॉवेलसारखं. काकांच्या मागे काकू, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. त्यांच्या मागे मास्तर, हातात अर्धा पेपर.

"रात्रीपर्यंत उड्या मारत होतं," काकू म्हणाल्या. "सकाळी उचललं तर असं."

मी काकांकडे पाहिलं. "कान?"

"मला कळत नाहीये," काका म्हणाले. "धरला, सोडला, परत धरला. काहीच कळत नाही बाई. तुम्ही बघा."

सत्तावीस वर्षांत त्या हातांनी कधी असं म्हटलं नसेल. मी तो एवढासा कान बोटांत धरला, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं. कोमट. गार नाही. डोळे आत गेलेले नव्हते. चिमटीत धरलेली कातडी लगेच जागेवर आली. जुलाब नाही. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं नाही, बिघडलंय ते काहीतरी दुसरं.

दहा-बारा दिवसांचं करडू असं लुळं पडण्याची दोन कारणं मला समोर दिसत होती. एक म्हणजे उपासमार: साखर कमी पडली, ताकद संपली. तसं असेल तर लगेच दूध, लगेच ग्लुकोज. दुसरं नेमकं उलटं: दूध जास्त झालं, पोटात आंबलं, आंबट रक्तात उतरलं. तसं असेल तर एक घोट दूधसुद्धा विष; शिरेतून सोडा आणि दिवसभर उपास. दोन्हींत करडू दिसतं सारखंच. बाटलीवरच्या करडाचं पोट एरवीही ढोलकं असतं, त्यामुळे पोट बघून ठरेना. दोन्ही उपाय एकदम करावेत, तर सोड्याची गरज नसताना सोडा दिला की रक्ताचा तोल उलट्या बाजूला जातो. रक्त तपासायचं यंत्र अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि तिसऱ्याकडे अर्धा दिवस नव्हता. त्याचा जीव एकाच प्रश्नाच्या उत्तरावर टांगला होता. ते किती दूध पीत होतं?

"चार बाटल्या," काकू म्हणाल्या. "रेघेपर्यंत. वर एक थेंब नाही."

"चारच," काका म्हणाले.

"काकूंची शिस्त म्हणजे शिस्त," मास्तरांनी दुजोरा दिला.

तीन किलोच्या करडाला चार बाटल्या म्हणजे जेमतेम. जास्त म्हणताच आलं नसतं. मग राहिली उपासमार. काकूंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. "मग पाजू का?" त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून बाटली काढली. कोमट करूनच आणली होती. दुसऱ्या हाताने त्यांनी तिसऱ्याची हनुवटी उचलली.

इथे मला थोडं थांबून माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि माझे डोळे गेले पाच दिवस घट्ट मिटलेले होते. रोज संध्याकाळी काकू वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जात. त्या वर गेल्या की मी भांड्यातलं दूध बाटलीत ओतायची आणि तिसऱ्याला पाजायची. रेघेपर्यंत. कधी रेघेच्या वर. मग बाटली धुऊन जागेवर. डॉक्टरची पदवी असलेली, पोथ्या पाठ असलेली मी! मला ते माझं म्हणून कुणीतरी हवं होतं. दुसरं कारण नाही.

आता ते सांगायचं म्हणजे ज्या बाईने मला मुलीसारखं जेवू घातलं तिच्या तोंडावर सांगायचं की तुमच्या घरातली चोर मी. माझी जीभ वळेना. आणि बाटलीच्या निपलचं टोक तिसऱ्याच्या ओठांपासून दोन बोटांवर होतं.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की मास्तरांचा पेपर पडला. "काकू, पाजू नका. संध्याकाळी मी एक बाटली पाजते. पाच दिवस झाले. ते मांजर म्हणजे मी."

काकूंचा हात तसाच हवेत. मग काकांनी खाकरून घसा साफ केला.

"पहाटे," ते म्हणाले, "तू उठायच्या आधी, एक मी पण."

"काय?"

"चहाचं दूध गं. मी आठ दिवस कोरा चहा पितोय."

मास्तर ती अर्धी रंगवलेली भिंत फार बारकाईने बघत होते. "दुपारी काकू मशीनवर असतात तेव्हा," ते भिंतीला म्हणाले, "अर्धी. म्हणजे पाऊण." काका त्यांच्याकडे ते त्यांचं बघणं बघू लागले. "बरं, पूर्ण," मास्तर म्हणाले. "घरून आणत होतो. काकूंच्या दुधाला हात लावला नाही मी."

काकूंचा पारा असा चढला की मी नकळत टेबलाच्या पलीकडे गेले. "मी त्या मुक्या मांजराला पाच दिवस झाडू दाखवतेय! वेळापत्रक काय भिंतीची शोभा म्हणून लावलं होतं? तुम्ही माणसं आहात की..." आणि तिथे त्या अडकल्या. बाटली टेबलावर ठेवली. बाकावर बसल्या आणि आवाज एकदम खाली आला. "नऊची पाजल्यावर झोप येत नाही मला. ते हाक मारतं. मग एक मीही देते. झोपायच्या आधी."

चारच्या आठ झाल्या होत्या.

"मालकाचं तिप्पट धरायचं," काका स्वतःशीच म्हणाले. "सत्तावीस वर्षं लोकांना सांगतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. काकूंनी केलं, मोठ्याने.

पण आता मला उत्तर मिळालं होतं, आणि माझ्यात एकदम दहा हत्तींचं बळ आलं. मी वही ओढली. वजन तीन किलो, करडाचा हिशेब अर्ध्याने, तूट वीस धरली; गुणाकार तीस. त्यातलं निम्मंच आता द्यायचं, कारण गेलेला तोल झटक्याने सावरायला गेलं की पलीकडे पडतो. निम्मं म्हणजे सोड्याची पंधरा एककं. ग्लुकोजच्या पाण्यात सोडा मिसळून शंभर मिली. बाटली घेताना मी तिच्यावरचं नाव दोनदा वाचलं, आणि मिसळल्यावर उजेडात धरून पाहिली. स्वच्छ होती.

करडाच्या मानेतली शीर आगकाडीएवढी असते. काकूंनी तिसऱ्याला मांडीवर घेतलं, मी केस कापले, अंगठ्याने शीर दाबून फुगवली. पहिल्यांदा सुई चुकली. "घाई नको," काका म्हणाले, आणि त्यांचाच आवाज कापत होता. दुसऱ्यांदा नळीत लाल थेंब दिसला.

"स्टँड आणू?" मास्तरांनी विचारलं.

"हात तर लावून बघा त्या स्टँडला!" काका गरजले, आणि बाटली त्यांनी हातात घेतली. बारीक थेंबांचा सेट होता. साठ थेंबांचा एक मिली. सेकंदाला एक थेंब सोडायचा, म्हणजे शंभर मिनिटं.

ती शंभर मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. काका हात उंच धरून उभे, ओठ हलतायत, मोजतायत. फाटकात दोन शेळ्या आल्या, त्यांना मी बघून आले. काका जागचे हलले नाहीत. मध्येच, थेंबांवरची नजर न हटवता ते मला म्हणाले, "मुली गेल्यापासून सकाळी उठायचं कशाला हेच समजत नव्हतं. पाचला उठून याला पाजलं की दिवस भरल्यासारखा वाटायचा. मला माहीत होतं हो. मला माहीत असूनही पाजलं." मी म्हटलं, "मलाही माहीत होतं." मास्तर म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं," आणि काकूंनी त्यांना गप्प केलं.

दर दहा मिनिटांनी मी तिसऱ्याच्या तोंडात बोट घालून बघत होते. पहिली चाळीस मिनिटं बोट नुसतं ढिल्या जिभेवर पडून होतं. पन्नासाव्या मिनिटाला जिभेची कड हलली. साठाव्याला ती जीभ माझ्या बोटाभोवती हळूच गुंडाळली गेली. मी कुणाला सांगितलं नाही.

सत्तर मिनिटांनी काकू किंचाळल्या. आम्हाला वाटलं, संपलं.

"मुतलं!" काकू म्हणाल्या. त्यांची मांडी, चप्पल, फरशी, सगळं ओलं. "अहो, मुतलं!"

"मुतलं?" काका ओरडले. "भरपूर?"

"पाट वाहतोय!"

बाहेरच्या कुणाला वाटलं असतं की इथे लॉटरी लागलीय. पण मूत झालं म्हणजे मूत्रपिंडं चालतायत, आणि ती चालतायत म्हणजे रक्त पुढचा तोल आपलं आपण सावरेल. मास्तरांनी मला मिठी मारली आणि मग ओशाळून माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता, आणि थेंब सेकंदाला एक पडत होता.

शंभर मिनिटं पुरी झाली. मी सुई काढली, कापूस दाबला. तिसऱ्याने मान उचलली. मागचे पाय उभे केले, पुढच्या गुडघ्यांवर थोडा वेळ विचार केला, पडलं. पुन्हा मागचे पाय. पुन्हा पडलं. तिसऱ्या खेपेला चारही पायांवर उभं राहिलं, आम्हा चौघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि दुधासाठी ओरडलं.

आणि दूध द्यायचं नव्हतं! उद्या सकाळपर्यंत फक्त क्षाराचं पाणी. आंबलेलं पोट निवळायला तेवढा वेळ हवा होता. सुई मारण्यापेक्षा हे अवघड आहे हे मला तेव्हा कळलं. काकूंनी हुकूम काढला: तिसरं पुढच्या खोलीत राहील, कुणी एकट्याने त्याच्याजवळ जायचं नाही, स्वतः काकूंनीसुद्धा नाही. काकांनी दोन तास सुट्टी मागितली, मी चार दिले. दुपारी मी गेले तर दारात काकूंनी माझे खिसे तपासले. आत काका आणि मास्तर हात मांडीखाली दाबून बसलेले. तिसरं एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन ओरडत होतं, बटणं चोखत होतं, आणि तीन मोठी माणसं छताकडे बघत होती. मी चौथी झाले. संध्याकाळी काकू गच्चीवर गेल्या तेव्हा आम्हा तिघांनाही बरोबर घेऊन गेल्या. आम्ही कपड्यांच्या घड्या घातल्या.

सकाळी सहाला मी त्यांच्या दारात होते. मास्तर आधीच आलेले, दाढी करून. काकूंनी बाटली भरली: निम्मं दूध, निम्मं पाणी, आणि तेही रेघेच्या निम्म्यापर्यंतच. काकांनी हात पुढे केला. काकूंनी बाटली त्यांना दिली नाही.

"हिला पाजू द्या," त्या म्हणाल्या, आणि बाटली माझ्या हातात ठेवली. "काल ही बोलली नसती तर मीच पाजून मारलं असतं त्याला, माझ्या हाताने. अगं घे. आणि उघड्यावर पाज, सगळ्यांसमोर. गच्चीवर नाही जात मी."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी जमिनीवर बसले. तिसऱ्याने धावत येऊन निपल तोंडात घेतलं, शेपूट गरागरा फिरवत चार श्वासांत बाटली रिकामी केली आणि आणखी हवं म्हणून माझ्या गुडघ्यावर जोरात डोकं आपटलं.

"नाही!" आम्ही चौघंही एकदम ओरडलो.

तिसऱ्याने आमच्याकडे रागाने पाहिलं, पाठ फिरवली आणि चारी पायांवर तडातडा चालत गोठ्यात आपल्या भावंडांकडे निघून गेलं.